राब पेटायच्या आधी

शिमग्याची राख अजून पुरती निवली नव्हती तोच रखमाने साप शोधायच्या फेऱ्या ठरवायला घेतल्या, आणि सगळ्या वाडीच्या पोटात दुखायला लागलं.

उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून वसलेली वीस-बावीस घरांची वाडी ती. शिमग्याला मुंबईहून आलेली माणसं पालखी नाचवून परत गेली, की निम्म्या दारांना पुन्हा कुलपं लागतात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि सुना. रखमा साठीला टेकली होती, पण म्हातारी म्हटलेलं तिला खपत नसे. अशा बाईने आता गुडघ्यापर्यंत गमबूट घालून रविवारी सकाळी जनावरं हुडकायची म्हणजे काय? वाडीत सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात; नाव घेतलं की येतो म्हणून. आणि ही बया त्याला बोलवायला निघालेली!

फेऱ्या ठरवायला महाडहून प्रमोदिनीबाई आल्या होत्या. बाईंनी तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावरही खोड गेली नाही. दर वर्षी थंडी सरली, साप ऊन खायला बाहेर पडू लागले, की दोन-चार जुने विद्यार्थी घेऊन त्या रानात निघायच्या. साप धरायचा नाही, डिवचायचा नाही. लांबून बघायचा, वहीत टिपायचा आणि त्याची वाट सोडायची, हा त्यांचा शिरस्ता. रखमाच्या पडवीत त्यांनी नकाशा पसरला, चष्मा पुसला आणि मोठ्या हौसेने बोट ठेवलं.

"पहिला रविवार आंबेनळी घाट. तिथे बांबूत हिरवा चापडा साप दिसण्याची फार शक्यता आहे, रखमाबाई. दुसऱ्या रविवारी वरचा सडा, ते कातळाचं पठार."

"घाटात कोणाचा हात जातो ओ बाई?"

"म्हणजे?"

"म्हणजे तो चापडा त्याच्या बांबूवर, आमी आमच्या घरात. त्याला बघून काय करू? आमचा हात जातो राबात. तिथं चला."

बाई जरा फुरंगटल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या नकाशावर कोणी असं पाणी ओतलं नव्हतं. पण रखमा थांबली नाही. तिने अंगणात काटकीने भाताच्या रोपांचे तुकडे काढून दाखवले. ऐनाच्या, किंजळीच्या फांद्या तोडून, भारे बांधून बायका त्या तुकड्यांवर आणून टाकतात, वर पालापाचोळा आणि शेण पसरतात. चैत्र-वैशाखात तो ढीग पेटवायचा, जमीन भाजून काढायची आणि पाऊस आला की तिथेच भात पेरायचा. हाच राब. आता महिनाभर ढीग वाळत पडणार. गार, अंधारा, उंदरांनी भरलेला. सापाला याहून चांगलं घर कुठे मिळायचं? आणि पेटवायच्या आधी ढीग सारखा करायला त्यात कोपरापर्यंत हात घालायचे ते बायकांनी.

"अकरा राब हायत वाडीत. चार रविवारात होतील. आकडीने वरनं एकेक फांदी काढायची, खाली काय हाय ते बघायचं, नि समद्यांना दाखवायचं. बघा, ही घोणस. बघा, हा अजगर. एवढंच."

बाईंनी पेन काढून आंबेनळीवर काट मारली.

रखमाला अजगर आणि घोणस यांतला फरकच शिकायचा आणि शिकवायचा होता, त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रात तिचा नवरा रामा स्वतःच्या राबातला भारा सारखा करत होता. सकाळची नऊची वेळ. एकदम त्याने हात मागे घेतला. लोकांनी धावत येऊन काठ्यांनी जनावर ठेचलं आणि श्रीपतला हाक मारली. श्रीपत म्हणजे रामाचा थोरला चुलत भाऊ. वाडीतलं लग्न असो, भांडण असो, नाहीतर जनावर, शेवटचा शब्द त्याचा. श्रीपतने वाकून बघितलं आणि सांगितलं, "अजगराचं पोर हाय. विष नसतं त्याला."

झालं! सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. रामाला सावलीत बसवलं, हळद भरली, चहा पाजला. हात सुजायला लागला तर श्रीपत म्हणाला, अजगर चावला की सुजतंच. दुपारी रामाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा कुठे जीप शोधायला माणूस धावला. महाडला पोचेपर्यंत दिवस बुडाला. डॉक्टरांनी जंग जंग पछाडलं, पण दुसऱ्या दिवशी दुपारी रामा गेला. घोणस असणार, लगेच आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती, असं डॉक्टर म्हणाले. वाडीने ते ऐकून सोडून दिलं. वेळ आली होती माणसाची, असं म्हटलं की कुणाच्याच डोक्यावर काही राहत नाही.

रखमाही तसंच म्हणत होती, दोन वर्षं. मग गेल्या वर्षी प्रमोदिनीबाई शाळेत सापांची चित्रं दाखवायला आल्या. रखमा खिडकीशी उभी राहून बघत होती. एका चित्राशी ती खिडकीतून आत वाकली. ते मेलेलं जनावर त्या दिवशी तिनेच काठीवर घेऊन ओढ्यात टाकलं होतं. पाठीवरची ती साखळी तिला झोपेतही दिसली असती. चित्राखाली नाव होतं घोणस.

तिने वाडीत सांगितलं. वाडीने मूग गिळले. कारण ते खरं धरायचं तर श्रीपत चुकला म्हणावं लागलं असतं, आणि श्रीपतला चुकला म्हणायची तिथे कुणाची छाती नव्हती.

फेऱ्यांची बातमी मुंबईला पोचायला एक दिवससुद्धा लागला नाही. विक्रोळीहून मुलाचा, अक्षयचा फोन आला.

"आये, हे काय नवीन टेन्शन काढलंस? इथं मंडळातले लोक हसतायत माझ्यावर."

"हसू दे. दात किडले नाय ना त्यांचे."

"श्रीपतकाका भावकीतला मोठा माणूस हाय. बाबा गेले ते गेले. आता कशाला वाईटपणा घेतेस?"

"तुझा बाप गेला तो गेला, हे मला सांगू नको. पुढचा कोण जाणार ते सांग. तुझी चुलती? तुझी वैनी? त्यांचे हात जातात राबात. तुझा जातो का?"

अक्षय म्हणाला, "तुझं तू बघ." रखमाने फोन ठेवला आणि भाकऱ्या थापायला बसली. पहिल्या दोन भाकऱ्या तिने रागाच्या भरात इतक्या आपटल्या की फाटल्या.

शनिवारी देवळात भावकी बसली. बायका बाहेर, पुरुष आत, ही रीत. रखमा आत जाऊन खांबाशी बसली. श्रीपतने तिच्याकडे न बघता बोलायला सुरुवात केली.

"ज्याचा राब त्याचा. दुसऱ्याच्या राबात काठ्या घालायच्या नायत. रखमाला ऐकायचं नसंल तर भावकीचं ठरलंय. लावणीला तिच्या शेतात कोण उतरणार नाय."

हा घाव कुठे बसतो ते सगळ्यांना ठाऊक होतं. इथे लावणी एकट्याने होतच नाही. आज माझ्या शेतात तुम्ही, उद्या तुमच्या शेतात मी, अशीच पिढ्यान् पिढ्या झालेली. पोरगा मुंबईला, नवरा देवाघरी. माणसं आली नाहीत तर रखमाची रोपं राबातच पिवळी पडणार आणि वर्षाचं भात जाणार. पण तिने पदर सारखा केला आणि उभी राहिली.

"पडीक ऱ्हाईल माझं शेत. ऱ्हाऊ दे. पन उद्या सकाळी मी माझा राब उपसणार हाय. माझ्या राबाला तरी मी हात लावू ना भावजी, का त्याची पन बैठक घ्यायची?"

कुणीतरी फिसकन हसलं. कोण ते कळलं नाही, पण श्रीपतचे कान लाल झाले.

रविवारी आठ वाजता बांधावर सगळी वाडी. राबात काठ्या घालू नका म्हणणारेच पुढे. रखमाने बाईंचे जास्तीचे गमबूट घातले होते, ते एक नंबर मोठे होते आणि चालताना फटक फटक वाजत होते. त्यावरून एकदोघांनी टर उडवली. तिने ढुंकून बघितलं नाही. बाईंनी सांगितलं होतं तसं ढिगापासून लांब उभं राहून, आकडीने वरून एकेक फांदी ओढायला सुरुवात केली. एक सापसुरळी निघाली. विंचू निघाला. उंदराची पिल्लं निघाली. अर्धा ढीग खाली आला, ऊन चढलं, लोक कंटाळून निघायच्या बेताला आले. तेवढ्यात पाल्याखाली मनगटाएवढं जाड काहीतरी हललं.

बांध एकदम चार पावलं मागे सरकला. प्रमोदिनीबाई गुडघ्यावर बसल्या, दुर्बीण लावली आणि पुन्हा पुन्हा बघून हळूच म्हणाल्या, "अजगर आहे. लहान आहे, वर्षा-दीड वर्षाचा."

"बघा!" श्रीपतने काठी आपटली. "बोललो होतो का नाय? अजगराचं पोर! राबात तेच असतं. आता काय उपसायचं ते उपसा."

लोक हसले. हसण्यात सुटका होती, ती रखमाला स्पष्ट ऐकू आली. तिच्या अंगातलं बळच गेलं. एवढं भांडून, वर्षाचं भात पणाला लावून तिने ढीग उपसावा आणि त्यातून नेमकं श्रीपतचं खरं करणारं जनावर निघावं! कुणीतरी धोंडा उचलला. तो बघितला मात्र, तिचं बळ परत आलं.

"ठेव खाली! माझ्या राबात हाय तो. कोण मारतो बघते मी!"

धोंडा खाली गेला. रखमाने पुन्हा त्या जनावराकडे बघितलं. फाटक्या गोधडीला लावलेल्या ठिगळांसारखे वेडेवाकडे डाग, एकाचा एकाला मेळ नाही. आणि तिला कळलं, हेच तर हवं होतं. नुसत्या चित्राने काय होणार होतं? खरा अजगर सगळ्या वाडीसमोर, ऊन पडलेल्या जागी पसरला होता.

"भावजी, खाली या."

"इथनं दिसतंय मला."

"त्या दिवशीपन लांबनंच दिसलं होतं. खाली या."

थोरल्या दिराला असं कुणी वाडीत बोलवत नाही. श्रीपत इकडे तिकडे बघत राहिला. पण सगळ्या नजरा त्याच्यावर, आता मागे फिरणंही अवघड. तो बांधावरून उतरला. रखमाने त्याला सहा हातांवर उभं केलं.

"हे डाग बघा. एकाला एक लागून हायत का?"

"नाय."

"साखळी दिसते का पाठीवर?"

"नाय."

"त्या दिवशी होती?"

श्रीपतने काठीचं टोक मातीत रोवलं. अजगर अंग ओढत ओढत करवंदीच्या जाळीकडे निघाला होता, पण त्याच्याकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं.

"मी काठीवर घेऊन ओढ्यात टाकलं ते जनावर. मी बघितलंय. पन तुमी पन बघितलंय. समद्यांच्या समोर सांगा भावजी. होती का नाय?"

"होती," श्रीपत म्हणाला. त्याचा आवाज इतका बसला की मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून त्याला पुन्हा बोलावं लागलं. "साखळी होती. मला नक्की ठाऊक नव्हतं गो रखमा. घोणस का अजगर, ठाऊक नव्हतं. पन समदी माझ्याकडं बघत होती. रामापन बघत होता. मी अजगर बोललो. रामा हसला. बोलला, वाचलो."

रखमाने तीन वर्षं शिव्या साठवल्या होत्या, एकेक निवडून. त्या सगळ्या जिभेवर आल्या. हातातली आकडी त्याच्या डोक्यात घालावी असंही वाटलं. तिला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि त्या दोन्हीत राग मोठा होता. रामाचं ते हसणं तिने स्वतः बघितलं होतं; त्यावर तीसुद्धा हसली होती.

तिने पदराने तोंड पुसलं.

"आता समदी माझ्याकडं बघतायत, भावजी," ती म्हणाली. "तर ऐका. मला जे जनावर ओळखता येणार नाय, त्याला मी ठाऊक नाय असंच बोलेन. तोंड वर करून बोलेन. नि चहा ठेवायच्या आधी गाडी काढायला लावेन. लावणीला यायचं तर या, नाय तर नका येऊ. चला बाई, आता यांचा राब."

आणि मोठे गमबूट फटक फटक वाजवत ती श्रीपतच्या शेताकडे निघाली. कोण मागून येतंय आणि कोण नाही, ते बघायला ती वळली नाही.