कोठडीच्या तीन वाटा

फोटोफ्रेमच्या दुकानात सगळे त्याला मास्तर म्हणत, आणि बिचाऱ्यानं शाळेत एक तासही शिकवला नव्हता. रविवारी संध्याकाळी शटर ओढलं की काच कापायच्या मोठ्या टेबलावर तो नकाशा आणि फासे मांडायचा. गोष्ट तो सांगायचा, म्हणून तो मास्तर. थोरला भाऊ, वहिनी आणि शेजारचे दातांचे डॉक्टर त्या गोष्टीतले वीर होऊन खेळायचे. एरवी मात्र मिसरूड फुटल्यापासून तो दादाच्या हाताखाली पट्ट्या कापत होता.

खेळाच्या तयारीत त्याचा एक नेम होता. वीरांना कुठं कोंडायचं तर सुटकेच्या तीन वाटा आधीच ठरवायच्या: दार फोडून, पहारेकऱ्याला फसवून, नाहीतर त्याला सरळ विचारून. तिसरी वाट आजवर कुणी धरलीच नव्हती.

या खेपेची कोठडी त्यानं जरा जास्तच मन लावून बांधली. दुसऱ्या शहरात असले खेळ तयार करणाऱ्या एका बाईंनी त्याला कामावर बोलावलं होतं आणि उद्यापर्यंत उत्तर मागितलं होतं. पण दादाला सांगायचं म्हटलं की याची दातखीळ बसायची. म्हणून कोठडी थेट दुकानासारखी केली: खिडकी नाही, भिंतभर रिकाम्या चौकटी, पहारेकरी म्हातारा आणि प्रेमळ. वीर धडपडून बाहेर पडतील, दादाला आपसूक उमगेल आणि सुंठीवाचून खोकला जाईल, असा त्याचा हिशेब.

पण पहारेकरी फारच प्रेमळ निघाला. घडीघडी 'जेवलात का' विचारायची दादाचीच सवय मास्तरनं नकळत त्याला दिली होती. गरम सूप आलं, घोंगड्या आल्या. डॉक्टरांच्या वीरानं ताणून दिली, दादाच्या वीरानं तलवार खुंटीला टांगली.

"बाहेर काय ठेवलंय?" दादा म्हणाला. "म्हातारा एकटा आहे. आपण गेलो तर त्याच्याकडं कोण बघणार?"

मास्तरनं भिंतीला तडा दाखवला, कुलूप गंजवलं, पहारेकऱ्याला डुलकी आणली. दादा ढिम्म हलेना. स्वतः बांधलेल्या कोठडीत मास्तरच अडकला होता.

वहिनीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग पहारेकऱ्याला म्हणाली, "बाबा, आम्हाला जायचंय. दार उघडता का?"

नेम तो नेम. पहारेकऱ्याच्या आवाजात मास्तर म्हणाला, "जा पोरांनो."

दादाला हसू आलं. विचारल्याबरोबर सोडतो, असला कसला पहारेकरी, तुझी तयारी कच्ची राहिली, असं म्हणत त्यानं फासे डबीत भरले. डॉक्टर घरी गेले.

मग सकाळच्या कामाची मोठी काच टेबलावर घ्यायला दोघा भावांनी दोन टोकांना धरून उचलली. काच हातात असताना बोलायचं नाही, हा दादाचा दंडक. मास्तरनं तो मोडला, कारण आता दादाला हात झटकून निघून जाता येणार नव्हतं.

"दादा, मला जायचंय. दुसऱ्या शहरात काम मिळालंय."

दादाचा हात जरासुद्धा हलला नाही. पगार किती, राहणार कुठं, जेवणाचं काय, सगळ्याची उत्तरं मास्तरनं तयार ठेवली होती.

"मग तुझं टोक कोण धरणार?" दादानं विचारलं.

याची तयारी त्यानं केली नव्हती. दादा ओरडला असता तर परवडलं असतं. काच टेकायला वीतभर उरली होती, दादा ती खाली घेत नव्हता, आणि मास्तरला आपलं टोक सोडता येत नव्हतं.