खिडकीपाशी टांगलेलं फावडं

आमच्या ह्यांना जुन्या काळाचं वेड लागलं ते निवृत्तीनंतर. आजेसासऱ्यांची बंद पडलेली बेकरी पुन्हा उघडायची, आणि तीही हुबेहूब, असं त्यांनी मनावर घेतलं. वर्षभर घरात दुसरा विषय नाही. माळ्यावर पितळी तराजू सापडला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला कोरडेच होते.

"तेव्हा माणसं माणसांना धरून होती," हे ते भेटेल त्याला ऐकवायचे. मागच्या गल्लीकडची खिडकी कधीतरी विटा लावून बुजवली होती, तीही त्यांनी फोडून घेतली. तिथं लोक गप्पा मारत पाव घ्यायचे, असं त्यांचं म्हणणं. मग एक लाकडी फावडं मिळालं, आखूड दांड्याचं. भट्टीतून पाव काढायला ते पुरणार नाही हे मला दिसत होतं, पण सांगतं कोण? त्यांनी ते घासूनपुसून भट्टीशेजारी टांगलं आणि खाली सुबक अक्षरात चिठ्ठी लावली: भट्टीचं फावडं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मुलाचे होणारे सासरे आले. मुलगी नदीपलीकडच्या वस्तीतली. नुसतं त्या वस्तीचं नाव निघालं तरी आमच्याकडे भांडी आपटायची. आठ महिने आपटली, आणि त्यातली निम्मी मी आपटली, खोटं कशाला बोलू. मुलगा हटेना, तेव्हा आम्ही नमतं घेतलं. आज लग्नाची तारीख पक्की व्हायची होती. पोरगा सकाळपासून जेवला नव्हता.

व्याही चित्रकलेचे मास्तर, आता निवृत्त. ह्यांनी त्यांना हौसेनं एकेक वस्तू दाखवली. ते फावड्यापाशी थांबले.

"हे इथलं नाही," ते म्हणाले. "त्या खिडकीचं आहे."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"लहानपणी वडिलांबरोबर यायचो. आम्हाला आत यायची बंदी होती. पाव ह्याच्यावर ठेवून बाहेर सरकवायचे. हाताला हात लागू नये म्हणून."

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हे काहीतरी बोलतील, निदान खुर्ची तरी पुढे करतील, असं मला वाटलं.

"बरं झालं सांगितलंत," हे म्हणाले. "उद्या सगळ्यांसमोर चूक झाली असती." लगबगीनं त्यांनी फावडं काढून खिडकीपाशी टांगलं, जुनी चिठ्ठी फाडली, नवीन कागद घेतला. "काय म्हणायचे हो ह्याला?"

"कोण जाणे. आम्ही पाव घेऊन निघायचो."

तेव्हा कुठे ह्यांचं पेन थांबलं. चेहरा उतरला. "बसा ना," हे चाचरत म्हणाले, "तारखेचं बोलून घेऊ."

"आधी चिठ्ठी होऊ द्या," मास्तर शांतपणे म्हणाले. "मी सांगतो तशी. हुबेहूब. ती इथं लागली की तारीख सांगतो."

ह्यांनी पोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उद्या अर्धं गाव दुकान बघायला येणार होतं, आणि आजोबांचा फोटो दारातच लावला होता. मी कोपऱ्यातलं स्टूल ओढून मास्तरांपुढे ठेवलं.

"लिहा," मी ह्यांना म्हटलं. "अक्षर चांगलं आहे तुमचं."