मानाच्या हातोड्याला लागलेले रक्त

मित्रांनो, मी एका माणसाची तीन बोटे मोडली आहेत. हे आधीच सांगितलेले बरे, कारण भिंतीवर टांगलेला मी पाहणाऱ्याला गरीब वाटतो. मी एक जुना हातोडा आहे. खडक फोडून त्याच्या पोटात काय आहे ते पाहणाऱ्यांचा हातोडा.

खाणीतल्या मोडक्या पहारीचे पोलाद लालभडक तापवून, ठोकून ठोकून माझे डोके घडवले आणि त्यात मॅपलच्या लाकडाचा दांडा बसवला. पण दगडावर मी फारसा पडलोच नाही. अमेरिकेतल्या लेक सुपीरियर सरोवराच्या काठी आमच्या तांब्याच्या मुलखात, इथल्या भूगर्भाचा ज्याने सर्वांत चांगला अभ्यास केला असेल, त्याला इथल्या अभ्यासकांचे मंडळ दर हिवाळ्यात जेवणावळीत मला देई. वर्षभर मी त्याच्या घरी राहायचो. टाळ्या, फोटो, मेण लावून चकचकीत केलेला दांडा! मला माझा फार गर्व होता.

१९३५ साली माझा मानकरी गाव सोडून गेला. म्हणून मी मंडळाचे चिटणीस एलायस पेनहेल यांच्या स्वयंपाकघरात, काचेच्या कपाटात होतो. पेनहेल शाळेत शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

दर शनिवारी वाफेची आंघोळ आटोपून, ओल्या केसांनी एक खाणकामगार तिथे यायचा. आर्वो हाकाला त्याचे नाव. फिनलंडहून पोटासाठी आलेला. तो खिशातून एक तेलकट वही काढायचा. जमिनीखाली तांब्याची शीर कुठे तुटते, किती सरकते, पुन्हा कुठे सापडते, हे त्याने चौदा वर्षे दोरी लावून मोजले होते. मास्तर ते आकडे नकाशावर चढवत.

"एकच जागा राहिली रे, आर्वो," एका शनिवारी मास्तर म्हणाले. "खाणीचा बारावा मजला."

"मास्तर, तिथले छत तोलणारे दगडी खांब कुरकुरतायत. उंदीरसुद्धा पळाले तिथनं."

"पाच मिनिटांचं तर काम. जेवणावळीच्या आत नकाशा पुरा व्हायला हवा."

आर्वो हसला. "तुमच्या घड्याळात पाच. डोंगराच्या घड्याळाचं कोण सांगणार?"

पण तो गेला.

मंगळवारी दुपारी माझ्या कपाटाच्या काचा थरथरल्या. एक बशी खाली पडून फुटली. बाराव्या मजल्याचे खांब फुटून छत कोसळले होते. कोंडलेली हवा तोफेसारखी सुटली आणि तिने तीन माणसांना कातळावर आपटले. आर्वोला कमरेच्या पट्ट्यावरून ओळखावे लागले, असे मास्तर बायकोला सांगत होते. वही मात्र कोटाच्या आत शाबूत होती. ती मास्तरांनी आणली.

सहा आठवड्यांनी जेवणावळ झाली. काचेच्या चौकटीत नकाशा झळकत होता. त्याच्या कोपऱ्यात एकच नाव होते, एलायस पेनहेल. त्या वर्षीचे मानकरी तेच, म्हणून मी त्यांच्या समोर टेबलावर होतो. मास्तर बारा मिनिटे बोलले. टाळ्या पडल्या, तेवढ्यात दार उघडले. आर्वोची बायको हिल्या आत आली. तिच्या बुटांवर बर्फ होता.

"बारा मिनिटं दाराआड उभी होते, मास्तर. त्याचं नाव एकदाही निघालं नाही. जीभ झिजली असती?"

"हिल्याबाई, ही वेळ नव्हे. उद्या या."

"वही द्या त्याची."

मागून कोणीतरी ओरडले, "जा गं, फिनलंडवाले! घरी जाऊन भांडी घास!" आणि लोक हसले.

त्या हसण्यासरशी तिने मला उचलले. पहिला घाव नकाशाच्या काचेवर पडला. नकाशा वाचवायला मास्तरांनी त्यावर हात ठेवला, आणि दुसरा घाव त्या हातावर. मला थांबता आले नाही, मित्रांनो. हाडाचा आवाज दगडासारखा नसतो. ओली फांदी मोडावी तसा असतो.

मग जमाव तिच्यावर तुटून पडला. केस धरून तिला फरशीवर ओढले. ओठ फाटला, कोणाचा तरी बूट बरगडीत बसला. ज्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या, तेच हे हात. मी टेबलाखाली रक्तात पडून होतो. माझा गर्व तिथेच संपला.

एप्रिलमध्ये खटला उभा राहिला. पुरावा म्हणून मी न्यायाधीशांच्या पुढ्यात होतो.

"हाताला काय झालं, मास्तर?" न्यायाधीशांनी विचारले.

मास्तरांनी बांधलेला हात छातीशी धरला. "दारात चेंगरला, साहेब."

"चाळीस माणसांनी पाहिलंय."

"त्यांना चुकीचं दिसलं. सोडा तिला."

हिल्या ताडकन उभी राहिली. "खोटं बोलतोय हा! मी मारलं. माझ्या नवऱ्याची चौदा वर्षं याच्या नावावर गेली. निदान हा घाव तरी माझ्या नावावर राहू दे!"

मास्तरांनी बांधलेला हात छातीवरून खाली घेतला. मग म्हणाले, "नकाशा आर्वोचा आहे. आणि बाराव्या मजल्यावर त्याला मीच धाडलं."

हिल्याला तीन महिन्यांची शिक्षा झाली. तिने ती पूर्ण भोगली. सुटली त्या दिवशी मास्तर वही घेऊन तुरुंगाच्या दाराशी उभे होते. तिने वही घेतली, त्यांच्याकडे पाहिलेही नाही. मास्तरांची ती बोटे पुन्हा कधी सरळ झाली नाहीत.

पुढच्या हिवाळ्यापासून मंडळाने नियम केला. मला हातात घेण्याआधी मानकऱ्याने उभे राहून नावे वाचायची. कोणी दोरी धरली, कोणी होडी वल्हवली, कोणी वाट दाखवली, कोण परत आले नाही. एखाद्या वर्षी त्याला तासभर लागतो. ताटातले मांस-बटाट्याचे कानवले गारढोण होतात, पण कोणी चमचा उचलत नाही.

मित्रांनो, तुम्हालाही कधीतरी शाबासकी मिळेल. त्या दिवशी जेवण गार झाले तर होऊ द्या. पण कोणाचे नाव गिळू नका.