शोभाचं पान

सवाष्ण गेलेल्या बाईला आमच्याकडे पितृपक्षातल्या नवमीला पान वाढतात. त्या पानावर एक जिवंत सवाष्ण बसवायची. ती जेवली की मेलेली जेवली.

माझी आई शोभा गेली तेव्हा मी बारावीत होते. पोटाचा कॅन्सर. आजार वाढला तसं माझा अभ्यास बुडू नये म्हणून मला मोऱ्याला, मामाच्या गावी धाडलं. परत आणली ती आईवर चादर घातल्यावर. तोंड बघायचं म्हणून मी रडले, ओरडले, पण गोदूआत्यानं चादर उचलू दिली नाही. "दुखन्याच्या आदीची आई डोळ्यात ठेव," म्हणाली.

त्यानंतर नवमीला शेजारपाजारची कुणी बाई बसायची. बाबा पान वाढायचे आणि मागच्या दारी जाऊन उभे राहायचे, ती जेवून उठेपर्यंत. माझं लग्न झालं त्या वर्षी पहिल्यांदा मी बसले. बाबा माझ्यासमोर मांडी घालून बसले ते हललेच नाहीत. माझं जेवण झाल्यावर म्हणाले, "आज खरी जेवली ती."

कारण माझा चेहरा. तो आईचाच. गालाची हाडं वर आणि रुंद, हसलं की डोळे त्यांच्यामागं बुडायचे. मोऱ्याच्या धक्क्यावर अनोळखी म्हाताऱ्या हात धरून विचारायच्या, "शोभीची पोर ना गो तू?"

तीच हाडं मी कापून घेतली. दोन्ही बाजूंची.

मी आता छाती पिटीन म्हणून कुणी कान टवकारले असतील तर त्यांनी उठून जावं. तोंड माझं होतं. शाळेत पोरांनी 'खोकं' म्हणून हाक मारली ती मला. लग्नाचा अल्बम आला तेव्हा सासूबाई पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "आमची सून पूर्वी गोड आहे हो, फक्त फोटोत जरा पुरुषी येते." ते मला. मी नोकरीला होते त्या शोरूमच्या काउंटरवरून उचलून मला मागं स्टॉकच्या खोलीत बसवलं आणि काउंटरवर कालची आलेली, निमुळत्या तोंडाची पोरगी उभी केली, तेही मलाच. आईच्या चेहऱ्याला बाबांनी जीव लावला, छान झालं. मला तो चेहरा घेऊन जगात फिरायचं होतं.

डॉक्टर बोलायला मधाळ. त्यानं माझा फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि माउसनं गाल आत ढकलले. झालं! तोंडाच्या आतून आणि कानापुढून कापायचं, हाड तोडून आत सरकवायचं, वर स्क्रू.

"गाल लोंबणार नाहीत ना?" मी विचारलं. मोबाइलवर सगळं वाचून गेले होते, येडी नव्हते.

तो हसला. "मॅडम, तुमचं वय बघा. ही पन्नाशीतल्या बायकांची काळजी."

सूज होती तोवर गाल भरलेले होते. खोटं कशाला बोलू, मी खूश होते. हृतिकनं, माझ्या नवऱ्यानं, स्टेटसला फोटो टाकला. सासूबाईंनी दृष्ट काढली. मग सूज उतरली आणि तिच्यामागोमाग गाल उतरले. नाकाच्या दोन्ही बाजूंना घड्या पडल्या. गालावरचं मांस जबड्यावर येऊन बसलं. डोळ्यांखाली खड्डे. जबडा आखडला तो सुटेना, तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना.

पुन्हा गेले तर त्याच मधाळ आवाजात, "थोडंफार होतं असं, कागदावर तुमची सही आहे. दोरे घालून वर ओढू. नाही जमलं तर फेसलिफ्ट करू."

एकोणतिसाव्या वर्षी फेसलिफ्ट! अरे, आमचं गाव विमानतळात गेलं तेव्हा डोंगर कापताना आम्ही रोज बघत होतो. पायथा काढला की वरची माती जागेवर राहत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक आहे. ह्याला पदव्या कशाच्या दिल्या?

बाबांना मी ऑपरेशनचं सांगितलंच नव्हतं. गणपतीला माहेरी गेले नाही, ताप आल्याचं कळवलं. व्हिडिओ कॉल आला की नेट नाही. शेवटी नवमीच्या आदल्या दिवशी त्यांचा साधा फोन आला.

"उद्या येतीस ना पोरी?"

"बाबा, यंदा दुसरी कुणी बसवा ना."



"बसवीन," ते म्हणाले. "पन ती जेवनार नाय."

वर्षातून एकदा हा माणूस बायकोला जेवताना बघतो. तेवढंच मागतो. मी गेले.

सासरहून, नव्या पनवेलहून रिक्षानं, तोंडाला मास्क, वर ओढणी. दारात गोदूआत्या वड्यांचं पीठ हाताला लागलेलं तशीच आली. "आयली काय गो! त्वांड बांधून कुनाच्या घरात दरोडा घातलास?" आणि स्वतःच खो खो हसली.

मी ओढणी काढली. मास्क काढला.

आत्याचं हसू अर्ध्यात राहिलं. पिठाचा हात तिनं तसाच तोंडावर दाबला. "आगो बाय माजे... शोभी."

माझ्या जिवात जीव आला. "म्हणजे अजून तशीच दिसते ना मी?"

"तशी नाय गो." ती माझ्याकडं बघेना. "आदी तू उभी शोभी व्हतीस. ही खाटंवरची हाय. शेवटच्या मयन्यातली. असंच गाल गललं व्हतं तिचं."

जे तोंड मला बघू दिलं नव्हतं ते मी महिनोन् महिने रोज सकाळी आरशात बघत होते, आणि मला माहीत नव्हतं.

"बाबांना काही बोलू नकोस," मी म्हटलं.

"मी कशाला बोलू? तुज्या बापाला, दयारामाला, डोलं नाय काय?"

बाबा मागून केळीचं पान धुऊन घेऊन आले. मला बघितलं. पानावरचं पाणी टपटप लादीवर पडत राहिलं. काय झालं, कुणी केलं, का केलं, एक शब्द विचारला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या. भांडायची सगळी तयारी करून आले होते.

"बस," एवढंच म्हणाले.

मी पाटावर बसले. त्यांनी भात वाढला, वरण, भोपळ्याची भाजी, खीर, वडे. दर वर्षी समोर बसतात. आज ते माझ्या बाजूला येऊन बसले, खाटेशेजारी बसावं तसे. पानावरचे वडे त्यांनी उचलून बाजूला ठेवले. मग भातात वरण घातलं आणि बोटांनी कालवायला लागले. शीत न् शीत मोडेपर्यंत कालवलं. त्याचे छोटे छोटे घास करून पानाच्या कडेला ओळीनं लावले. त्यांच्या हाताला ते पाठ होतं.

एक घास त्यांनी माझ्या तोंडाशी आणला. "हलू खा, शोभे. घाई नाय."

मला ओरडायचं होतं. मी पूर्वी आहे बाबा, मला काही झालेलं नाही, मी मरत नाहीये! पण माझं तोंड जेवढं उघडत होतं, नेमका तेवढाच तो घास होता. मी खाल्ला. मग दुसरा.

"दुकतं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. नाही.

आणखी एक घास त्यांनी उचलला. हात मध्येच थांबला. घास त्यांनी परत पानावर ठेवला, खांद्यावरच्या पंच्याला बोटं पुसली आणि उठले. मागच्या दारी जाऊन, माझ्याकडे पाठ करून, उभे राहिले.

आत्या स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवत होती. पानाच्या कडेला घास उरले होते. मी ते एकेक करून संपवले.