बिनपोटाचा बैल

आखाडी एकादशीच्या सकाळी नाल्यावर पाणी पिता पिता देवरावच्या काळ्या बैलानं शालिकरामच्या हिऱ्याच्या पोटात शिंग घातलं. आत जाताना शिंग एकटं गेलं, बाहेर येताना सोबत बरंच काही घेऊन आलं. हिऱ्या तिथंच पाण्यात बसला. पाणी लाल होत खाली गेलं, तशा खालच्या अंगाला धुणं धुणाऱ्या बायांनी आधी वरच्यांना शिव्या दिल्या आणि मग मान वर करून पाहिलं.

"देवराव! मारला ना बे तुह्या बैलानं माहा बैल!"

"माह्या बैलानं? तुह्या बैलानं पोट काहून पुढं केलं?"

उत्तरादाखल शालिकरामनं बैल हाकायची टोकदार काठी, तुतारी, घातली. देवरावनं ती हिसकून त्याच्याच पाठीवर मोडली. मग दोघं गाळात पडले आणि बराच वेळ वर कोण, खाली कोण ते कळेना. आम्ही काठावरून सोडवायला जात होतो, पण दोघंही सारखेच चिखलाचे. सोडवायचं कोणाला कोणापासून? अखेर ते आपणच उठले, तेव्हा देवरावच्या डाव्या कानाची पाळी शालिकरामच्या तोंडात होती. त्यानं ती लगेच थुंकली. एकादशी होती.

हिऱ्या मेला याचं दुःख होतंच, पण खरं भांडण पुढं होतं. आमचं गाव कळमेश्वरच्या पल्याड, संत्र्याच्या पट्ट्यात. तिथं पोळ्याचं तोरण मारुतीच्या देवळाच्या भिंतीपासून चावडीच्या भिंतीपर्यंत बांधतात, आणि त्याखालून पहिली निघते ती शालिकरामच्या घरची जोडी. आजाच्या आजापासून. या मानापायी मागं एक खून झाला होता, आणि ज्याचा झाला त्याच्या घरच्यांना मुडद्यापेक्षा जोडी मागं राहिल्याचं जास्त लागलं होतं.

चावडीत पोलीस पाटील बापूजी बसले. म्हातारा माणूस, बोलायला कंटाळलेला.

"शालिक, जोडी मोडली का मान सरकला. तुह्या मागं देवराव. यंदा पहिला मान त्याचा."

"ज्याच्या बैलानं मारलं त्यालेच मान? हा कोनता न्याय जी बापूजी?"

"न्याय नोहे गा. रांग हाय."

"मंग म्या दुसरा आनला तं?"

"आन. पोळ्याच्या आधी त्यानं नांगर ओढून तुहं वावर वाहलं पायजे. म्या माह्या डोळ्यानं पाहीन."

देवराव कानाला हळदीचा फडका बांधून कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "आन ना, आन. माहा काळ्या वाटच पाहून राहिला. नव्याचंबी पोट पाहू."

शालिकराम उठला. आवाज साधा होता. "मंग ज्याले पोटच नाई, असं जनावर आनतो."

बापूजींना घरी जाऊन निजायचं होतं. "वावर वाहत असन तं मले त्याच्या पोटाशी का कराचं?" असं ते बोलून गेले, आणि शेजारी बसलेल्या पाच पंचांनी ते ऐकलं.

गावच्या जुन्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या, संत्र्याच्या बगीच्यात एक ट्रॅक्टर पडला होता. फांद्यांखालून जावा म्हणून मुद्दाम बुटका बनवलेला, उंचीला म्हशीएवढा. मालगुजार वारले, पोरं नागपुरात वकील झाली आणि ट्रॅक्टरात कोंबड्या अंडी घालू लागल्या. वकिलांनी सांगितलं, घेऊन जा ते भंगार. आम्ही दहा-बारा जणांनी आणि शालिकरामच्या उरलेल्या बैलानं तो ओढत आणून त्याच्या अंगणात टाकला. एक कोंबडी शेवटपर्यंत उठली नाही.

रुखमाबाई दारात उभी होती. शालिकरामची बायको. जिभेनं तिखट, हातानं त्याहून.

"हे का आनलं जी?"

"बैल."

"शेन टाकते का?"

"नाई."

"मंग चुलीत का घालू, तुमचं डोस्कं?"

इंजिनाचं काम धोंडबाकडं आलं. धोंडबा पिठाची गिरणी चालवायचा. उजव्या हाताची दोन बोटं गिरणीच्या पट्ट्यानं नेली होती, आणि तेवढ्यावर तो गावात इंजिनाचा जाणकार ठरला होता. "म्या इंजिनाले रगत देल्लं हाय," तो म्हणायचा. दुरुस्तीची त्याची रीत एकच, हातोडा. इंजिनाला लागला तर इंजिन नरम यायचं, अंगठ्याला लागला तर धोंडबा.

सामानासाठी आम्ही नागपूरला गेलो. इतवारीच्या मागं, जिथं हातगाड्याही आडव्या होऊन जातात अशा गल्लीत कबाड्यांची दुकानं होती. इंजिन थंड ठेवणारी पाण्याची जाळी मिळाली लष्करी ट्रकची. तिला दोन भोकं.

"हे कायची भोकं?" शालिकरामनं विचारलं.

"गोली की," कबाडी म्हणाला. "लड़ाई देखा हुआ माल है, पटेल. अब किसी से डरेगा नहीं."

शालिकरामला तो माल तिथंच पसंत पडला. मग पुढं त्यानं सगळं असंच निवडलं. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो घेतला जळालेल्या जीपचा. स्टेअरिंग पुलावरून पडलेल्या बसचं. पुढचं एक चाक टेम्पोचं, तो टेम्पो कोणाच्या तरी घरात घुसला होता. दुसरं चाक त्याहून मोठं, त्यामुळे ट्रॅक्टर कायम डावीकडं मान टाकून, ऐकून घेतल्यासारखा उभा राही. सीट मात्र नवी होती; पाण्याच्या घंगाळाला उलटं करून धोंडबानं ती ठोकली. घंगाळ रुखमाबाईच्या माहेरचं. त्या दिवशी धोंडबाला जेवण मिळालं नाही, नुसता मार मिळाला.

"वहिनी, येच्यात पाच गाड्याईचे जीव हायेत," धोंडबा गाल चोळत म्हणाला. "बसाले तं जागा पायजे."

श्रावण लागला. घडीत ऊन, घडीत पाणी. अंगणातल्या चिखलात ट्रॅक्टर रोज बोटभर खचायचा आणि धोंडबा रोज त्याखाली पाट्या घालायचा. गावात बातमी पसरली की शालिकनं लोखंडाचा रेडा बनवला. देवरावला हसू आलं. मग हसू थांबलं, कारण एका दुपारी इंजिनानं एकदा खोकून दाखवलं.

त्याच आठवड्यात, कळमेश्वरचा बाजार होता म्हणून गडीमाणसं नव्हती, तेव्हा देवराव कुऱ्हाड घेऊन अंगणात शिरला. पहिला घाव चाकावर घातला. रबर जाड, कुऱ्हाड उडाली आणि परत येऊन त्याच्याच नडगीला लागली. दुसरा घाव तो जाळीवर घालणार, तेवढ्यात ओसरीवरून रुखमाबाई उठली. ती भिवापुरी मिरची कुटत बसली होती. तिनं काही विचारलं नाही. ओंजळ भरली आणि त्याच्या तोंडावर मारली. मग दुसरी. मग तो खाली पडल्यावर मुसळ घेतलं.

"बैलाले मारतं? मुक्या जनावराले मारतं, बेशरमा!"

देवरावचं ओरडणं नाल्यापलीकडं ऐकू गेलं. वारा पूर्वेचा होता, त्यामुळे त्या आळीतली चार घरं दिवे लागेपर्यंत शिंकत होती. देवरावला खाटेवर घालून नेलं. डोळे आठ दिवसांनी उघडले. हे सगळं ऐकल्यावर शालिकरामच्या लक्षात आलं की बायकोनं त्या यंत्राला बैल म्हटलं होतं.

पण यंत्र सुरू व्हायला तयार नव्हतं. समोरून लोखंडी हँडल घालून फिरवायचं असे. शालिकराम फिरवायचा, इंजिन भुसभुस करायचं, बसायचं.

"आनखी जोरानं, शालिकभाऊ! त्याले तुमचा धाक वाटला पायजे!" धोंडबा म्हणाला.

त्यानं जीव खाऊन फिरवलं. इंजिनानं एकच उलटा हिसका दिला. हँडल मागं आलं आणि कोपराच्या खाली काडी मोडल्यासारखा आवाज झाला. शालिकरामनं हाताकडं पाहिलं. हात जिथं वळायला नको तिथं वळला होता.

"धोंडबा, हे असं असते का?"

"नाई," धोंडबानं नीट पाहून सांगितलं. "हे मोडलं."

वैदूनं बांबूच्या कामट्या लावून हात बांधला. बांधताना शालिकराम ओरडला नाही. फक्त त्यानं तोंडात धरलेला गमछा नंतर कोणाला वापरता आला नाही. "आता बस करा जी," रुखमाबाई म्हणाली, "देवराव जाऊ द्या पुढं. का फरक पडते?"

तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. "माह्या बापानं मरताना वावर कोनाले सांगितलं नाई, घर सांगितलं नाई. मान सांबाळ म्हने. येवढंच म्हने."

ती उठून अंगणात गेली, पदर खोचला आणि हँडल धरलं. सासऱ्याचं, नवऱ्याचं, देवरावचं आणि शेवटी घंगाळाचं नाव घेऊन तिनं ते असं फिरवलं की इंजिनाला उलटं जायची सोयच राहिली नाही. ते सुरू झालं. गोठ्यातला बैल दावं तोडून पळाला तो दुसऱ्या गावात सापडला.

हरभऱ्यासाठी रिकामा ठेवलेला तुकडा होता, तिथं पाहणी ठरली. बापूजी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, छत्री उघडून बसले. काळी माती पावसानं लोण्यासारखी झालेली. चाकं फिरायची आणि आम्हा सगळ्यांवर चिखल यायचा. शालिकराम घंगाळावर बसून डाव्या हातानं स्टेअरिंग धरायचा, धोंडबा मागं उभा राहून गिअर मारायचा. मागं साखळीनं नांगर. तास म्हणजे नांगराची रेघ; एक निघालं, दुसरं निघालं. माती वाफाळत उलटत होती, बगळे मागं लागले होते. तिसऱ्या तासाला नांगर दगडात अडकला, साखळी ताणली आणि तुटली. तुटलेलं टोक बापूजींच्या डोक्यावरून गेलं. छत्री गेली, दांडा हातात राहिला.

बापूजींनी तो दांडा डोक्यावर तसाच धरून ठेवला. मग म्हणाले, "वाहलं."

पोळ्याच्या दिवशी गल्लीत चाळीसेक जोड्या. बेगड लावलेली शिंगं, झुली, घुंगरं, आणि सगळ्यांच्या पुढं तो ट्रॅक्टर. रुखमाबाईनं त्याच्या जाळीला कवड्यांची माळ आणि दिव्यांच्या जागी पळसाच्या पानांचे कान लावले होते. शालिकराम फेट्यात. मागं देवरावची जोडी, आणि लाल डोळ्यांचा देवराव. पोळ्यात एकमेकांना टोमणे मारायची कवनं, झडत्या, सुरू झाल्या. देवरावनं हात वर केला:

"चार खुरं बैलाले, चार चाकं गाड्याले,
बायकोनं देल्ली ताकद हात मोडल्या रेड्याले,
हर बोला हर हर महादेव!"

गल्ली हसली. शालिकरामनं मागं न पाहता झडती परत केली:

"अर्धा कान देवरावले, अर्धी त्याले अक्कल,
बैल त्याचा मारत सुटते, हा बैलाची नक्कल,
हर बोला हर हर महादेव!"

एवढ्यात बापूजींनी गमछा हलवला, म्हणजे निघा. धोंडबानं हँडल मारलं, ट्रॅक्टर सात-आठ हात गेला आणि बरोबर तोरणाखाली बंद पडला. पुढची चाकं पलीकडं, मागची अलीकडं.

"मेला!" देवराव ओरडला आणि त्यानं काठी घातली ती शालिकरामच्या बांधलेल्या हातावर. कामट्या वाजल्या. शालिकरामनं डाव्या हातानं धोंडबाजवळचं हँडल ओढलं आणि देवरावच्या गळ्याजवळच्या हाडावर उतरवलं. ते हाड मोडल्याचं दोन्ही बाजूंच्या लोकांनी ऐकलं आणि दोन्ही बाजू पेटल्या. काठ्या, दगड, बैलांच्या झुली. कोणी कोणाला दातांनी धरलं. ज्यांचं या मानाशी काही देणंघेणं नव्हतं तेही मारत होते, कारण नवे कपडे घालून नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही. बैल मात्र शांत उभे होते.

दम संपला तेव्हा मारामारी थांबली. भिंतीच्या कडेनं माणसं डोकी धरून बसली. ट्रॅक्टर तिथंच. दोन्ही भिंतींच्या मधून आता मांजरही गेलं नसतं. तोरणाखालून गेल्याशिवाय बैल घरी नेता येत नाहीत, आणि दारोदार बाया आरत्या घेऊन उभ्या.

"जुपा कोनाचे तरी बैल अन् ओढा," बापूजी म्हणाले, आणि लगेच त्यांनीच कानाला हात लावला. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू! त्यापेक्षा माणूस मारलेला बरा.

"मान्सं पुढून ओढतीन," कोणी म्हणालं.

"जो पुढून ओढन तो माह्या आधी तोरनाखालून जाईन," शालिकराम वरून म्हणाला. त्याचा हात नुसता लोंबत होता. "मागून ढकला."

"तू उतर खाली!"

"मेलो तं उतरीन."

मग लोक उठले. फुटक्या डोक्यांनी मागून लागले. हलेना. आणखी लागले. शेवटी एक जागा उरली आणि एक माणूस. देवराव मोडलं हाड धरून आपल्या जोडीकडं पाहत होता. काळ्या पाय आपटत होता; घरी देवरावची म्हातारी माय नैवेद्य घेऊन ताटकळली असणार. तो आला आणि त्यानं धड खांदा घंगाळाखाली लावला.

"शालिक, म्या तुह्या मानाले नाई ढकलून राहिलो. रस्ता मोकळा करून राहिलो."

"काईबी म्हन गा. पन जोर लाव."

देवरावनं असा जोर लावला की त्याच्या तोंडून रक्ताची धार आली. ट्रॅक्टर निघाला. तोरणाची आंब्याची पानं शालिकरामच्या फेट्यावरून घसरत गेली, आणि बापूजी म्हणाले, "पहिला."

पलीकडं उतार होता. ट्रॅक्टरनं वेग घेतला.

"धोंडबा, थांबव!" लोक ओरडले.

धोंडबा कपाळाचं रक्त पुसत म्हणाला, "ब्रेकचं सामान तं भेटलंच नवतं." आतापर्यंत हा प्रश्न आला नव्हता. थांबायला त्या ट्रॅक्टरला कधी कोणाची मदत लागली नव्हती.

रुखमाबाई दारात आरती घेऊन उभी होती. मानाचं जनावर दारात यावं. ते दारावरून गेलं. शालिकराम ताठ बसलेला, एका हातानं स्टेअरिंग धरून, बायकोकडं एकदा पाहून. उतार संपतो तिथं गावतळं. श्रावणाच्या पाण्यानं काठोकाठ.

आम्ही पोचलो तेव्हा बुडबुडे चालले होते. पळसाचा एक कान तरंगत होता. शालिकराम छातीभर पाण्यात तसाच घंगाळावर बसला होता, फेटा कोरडा. मागं तोरणाकडं ढोल वाजला, देवरावची जोडी दुसरी निघाली.

रुखमाबाई आली. तिनं कोणाकडं पाहिलं नाही. लुगडं तसंच घेऊन पाण्यात उतरली, ताट डोक्यावर धरून ट्रॅक्टरपर्यंत गेली. मानाच्या जनावराचे आधी पाय धुवायचे असतात. तेवढं काम झालेलं होतं. तिनं पाण्याखाली हात घालून चाचपत जाळीला कुंकू लावलं. मग पुरणपोळीचा तुकडा मोडला, इकडंतिकडं तोंड शोधलं, आणि नवऱ्यापुढं धरला.

"खाय गा माह्या बैला," ती म्हणाली.

शालिकरामनं तोंड उघडलं.