मनातलं पाप ओळखणारं कवच

त्या रविवारी सकाळी वसाहतीच्या मैदानावर उसळलेली गर्दी पाहून एखाद्या अनोळखी माणसाला वाटलं असतं, कारखान्याने बोनस जाहीर केला. माणसं बाकांवर, कठड्यांवर, स्कूटरच्या सीटांवर चढून उभी होती. मधोमध एक पांढरी मारुती होती. तिच्या आरशाला झेंडूची माळ, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आणि काचेआड, स्टिअरिंगशेजारी, तांब्याचा एक चौकोनी डबा. डब्यातून निघालेल्या दोन तारा बॉनेटखाली बॅटरीकडे गेल्या होत्या. हा डबा म्हणजे ‘चोर-निवारण कवच’. गाडीजवळ येणाऱ्याच्या मनातलं पाप तो ओळखतो आणि ओरडतो, अशी त्याची ख्याती होती.

पैसे घेऊन कवच देणारे गुरुजी दहा पावलांवर खुर्चीत बसले होते. अंगावर भगवी शाल, डोळे अर्धे मिटलेले, उजवा हात गोमुखीत, म्हणजे जपमाळ झाकायच्या कापडी पिशवीत.

“भाइयो, मशीन तो धक्का पकड़ती है,” गुरुजी सांगत होते. “मेरा कवच मन पकड़ता है. मन का एक्स-रे! नेक आदमी हाथ फेरे, कवच सोया रहेगा. पापी सोचे, कवच चिल्लाएगा.”

“गुरुजी, चंदा माँगनेवाला आया तो?” मागून कुणीतरी ओरडलं.

“तो कवच खुद सोच में पड़ जाएगा!” गुरुजींनी हसून टोला परतवला आणि मैदान खदखदून हसलं. हसलेला माणूस अर्धा पटलेला असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मारुती काशिनाथ ढोमण्यांची होती. ते नागपूरकडचे, कारखान्याच्या भांडार विभागात हेडक्लार्क. त्यांचा मुलगा अच्युत त्याच कारखान्यात गुणवत्ता विभागात निरीक्षक होता, आणि या क्षणी हातात चाचणीच्या नोंदींचा तक्ता घेऊन, मान खाली घालून गर्दीच्या कडेला उभा होता. चार माणसांसमोर बोलायची वेळ आली की तो मागच्या रांगेत सरके.

गेल्या तीन महिन्यांत वसाहतीतल्या अकरा गाड्या फुटल्या होत्या. कुणाचा टेप गेला, कुणाची बॅटरी. ढोमण्यांच्या घरी ही भीती इतरांहून वेगळी होती. अच्युतच्या आईचं, सुमित्राबाईंचं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस असे. शहरातल्या रुग्णालयात सकाळी सहाला मशीनची पाळी लागे आणि त्या वेळी वसाहतीत रिक्षा मिळणं देवाच्या मर्जीवर होतं. गाडी सुरू झाली नाही, तर पाळी जाणार. पाळी गेली, तर आईच्या अंगात पाणी साठणार.

म्हणून अच्युत पंधरा दिवस शहरातल्या टी. टी. नगरच्या दुकानांतून हिंडला होता. काच फुटल्याचा आवाज टिपणारा सेन्सर, धक्क्याने जागा होणारा सेन्सर, दार वा बॉनेट उघडताच सुटणारं बटण. एकेकाचे गुणदोष त्याने वहीत लिहिले होते. चोर बॅटरीवर टपलेले, म्हणजे बॉनेटचं बटण आधी हवं. बॅटरीची तार तोडली की भोंगा मुका होतो, म्हणून भोंग्याला स्वतःची लहान बॅटरी हवी. वही त्याने वडिलांपुढे ठेवली, तेव्हा काशिनाथराव चष्मा पुसत म्हणाले होते, “अरे, ही तुझी यंत्रं मांजरानं उडी मारली तरी ओरडतात ना?”

“हो बाबा, कधीकधी.”

“आणि चोर हळू हातानं आला तर गप्प?”

“तेही... होऊ शकतं.”

“मग?” त्या एका ‘मग’पुढे अच्युतची वही मिटली. खरं सांगणाऱ्याजवळ नेहमी एक ‘कधीकधी’ असतो. गुरुजींजवळ तो नव्हता. शिवाय त्यांनी बजावलं होतं, कवचाच्या जोडीला दुसरा पहारा ठेवलात तर कवच रुसेल.

मैदानावर आता गुणवत्ता विभागाचे प्रमुख बोकीलसाहेब पुढे आले. “चमत्कार-बिमत्कार आम्ही मानत नाही. आम्ही कारखान्याची माणसं. आमच्या रीतीनं साक्षी-चाचणी होईल. अच्युत ढोमणे, लिहून घ्या.”

साक्षी-चाचणी म्हणजे त्या वसाहतीची खरी पूजा. कारखान्यात रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, तयार झालं की गिऱ्हाइकाचा माणूस शेजारी उभा राहतो, त्याच्यादेखत आकडे नोंदले जातात, खाली दोघांच्या सह्या होतात आणि मग त्या यंत्रावर शंका घेणं असभ्य ठरतं. त्या रीतीने दहा जण निवडले गेले. गुरुजींनी एकेकाला जवळ बोलावून कानात संकल्प दिला, म्हणजे मनात काय धरायचं ते सांगितलं. पाच जणांना चोरीचा, पाच जणांना रामनामाचा. मग एकेक जण गाडीकडे गेला आणि त्याने काचेवर हात ठेवला.

पहिला गेला; शांतता. दुसरा गेला आणि डबा असा किंचाळला की बाभळीवरचे कावळे उडाले. “कानात काय सांगितलं होतं?” बोकीलसाहेबांनी विचारलं. “चोरी कर म्हणून!” टाळ्या. दहापैकी दहा उत्तरं बरोबर आली. अच्युतने दहा रकाने भरले. काहीतरी खुपत होतं, पण काय, ते सापडत नव्हतं. सापडलं असतं तरी सांगता आलं नसतं. बोकीलसाहेबांनी पेन पुढे केलं. त्याने सही केली.

ती चूक त्याच्या एकट्याची नव्हती. जन्मभर लोखंडाच्या आणि तांब्याच्या परीक्षा घेतलेल्या त्या माणसांना एक गोष्ट कधी सुचलीच नव्हती. रोहित्राला परीक्षकाच्या मनातलं उत्तर ठाऊक नसतं आणि ठाऊक असतं तरी ते लबाडी करत नाही. माणूस करतो.

त्या तक्त्याच्या झेरॉक्स दुसऱ्या दिवशी शेजारच्या अवधपुरीपर्यंत पोचल्या. काशिनाथराव भेटेल त्याला सांगत, “खाली सही आहे ना, ती आमच्या अच्युतची.”

गुरुवारी पहाटे साडेपाचला काशिनाथरावांनी किल्ली फिरवली. गाडीतून टक असाही आवाज आला नाही. बॉनेट नीट लागलेलं नव्हतं. आत बॅटरीच्या जागी गंजाचा चौकोन होता आणि तोडलेल्या दोन तारा. तांब्याचा डबा आपल्या जागी चकाकत होता. त्याने रात्रभर ब्र काढला नव्हता.

अच्युत हमरस्त्यापर्यंत धावला. रिक्षा मिळून रुग्णालयात पोचायला सव्वासात झाले आणि तोवर मशीनवर दुसरा रुग्ण होता. दुपारी चारची पाळी मिळाली. तोपर्यंत सुमित्राबाई बाकावर ताठ बसून होत्या, कारण आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. पायांना सूज होती. मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून त्याच म्हणाल्या, “तू काही खाल्लंस का रे?” त्या नऊ तासांत आपण जगातल्या कुठल्याच गोष्टीला हात लावू शकत नाही, असं अच्युतला वाटत राहिलं. फक्त एक सही तेवढी आपल्या हातून झाली होती.

संध्याकाळी काशिनाथराव गुरुजींकडून परतले ते नवा तांब्याचा डबा घेऊनच.

“ते म्हणाले, गाडीच जायची होती. कवचानं बॅटरीवर निभावून नेलं. जुन्या कवचानं प्राण दिला.”

“बाबा, ते वाजलंच नाही.”

“कसं वाजेल? चोराच्या मनात पाप नव्हतं म्हणे, गरज होती. आणि...” त्यांनी नवा डबा टेबलावर ठेवला. “घरात कुणीतरी शंका घेत होतं म्हणाले.”

 वडिलांच्या आवाजात राग असता तर अच्युतला बरं वाटलं असतं. तिथे नुसती विनवणी होती.

वडील आत गेल्यावर त्याने जुना डबा खोलीत नेला आणि स्क्रू काढले. कवच उघडणाऱ्याची दृष्टी जाते, असं सांगितलेलं होतं. त्याची शाबूत राहिली. आत एक स्वस्तातला भोंगा होता, बोटभर लांबीची एरियलची तार आणि दूरच्या बटणाचा इशारा झेलणारी चकती. बस. धक्का ओळखणारं काही नाही, आवाज ऐकणारं काही नाही. चोराला ओळखणं दूरच. हा डबा समोर हत्ती आला तरी ओळखणार नव्हता. तो एकच गोष्ट ओळखत होता, कुणीतरी दाबलेलं बटण. आणि मैदानावर एकच हात असा होता, जो कुणालाच दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन देशकरबाईंकडे गेला. शालिनी देशकर वसाहतीच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवत. अच्युत त्यांचाच विद्यार्थी. डब्यात डोकावून बाई म्हणाल्या, “सेन्सर कुठाय?”

“नाहीच आहे, बाई.”

“आणि तक्त्यावर सही कुणाची?”

त्याने मान खाली घातली.

“खाली काय बघतोस? फरशीवर उत्तर लिहिलंय का? रविवारी दुसऱ्या सेक्टरसाठी पुन्हा खेळ आहे. तिथं सगळ्यांना दाखव.”

“मला बोलता येणार नाही. आणि नुसता डबा दाखवला तर म्हणतील, मीच आतलं काढून घेतलं.”

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. “हे बरोबर बोललास. मग आधी चिठ्ठ्यांना बोलू दे.”

रविवारी पुन्हा तेच मैदान, तीच मारुती, नवी बॅटरी, नवं कवच. दहा जण निवडून झाले आणि गुरुजी संकल्प द्यायला उठणार, एवढ्यात देशकरबाई स्टीलचा डबा घेऊन मधोमध आल्या.

“गुरुजी, तुम्हाला कशाला त्रास? यात दहा चिठ्ठ्या आहेत. पाचांवर ‘चोर’, पाचांवर ‘साव’. ज्यानं त्यानं उचलावी, मनात वाचावी, खिशात ठेवावी. कुणाला सांगायचं नाही. तुमचं कवच मन वाचतंच.”

“बहनजी, संकल्प गुरुमुख से होता है.”

“चोर पण तुमच्याकडून संकल्प घेऊन येतो का हो?”

हशा पिकला. या वेळी तो गुरुजींच्या बाजूचा नव्हता. बोकीलसाहेबांना मात्र पद्धत पसंत पडली. “काय हरकत आहे? होऊन जाऊ द्या.” गुरुजींना नाही म्हणता येईना.

पहिला माणूस गाडीजवळ गेला. गुरुजींनी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. कवच किंचाळलं. त्याने खिशातून चिठ्ठी काढली: साव. तो गृहस्थ वसाहतीतल्या भजनी मंडळाचा टाळकरी होता. त्याचा चेहरा पडला. दुसऱ्याची चिठ्ठी ‘चोर’ निघाली. त्याच्या वेळी कवच गाढ झोपेत होतं. दहा माणसं संपली तेव्हा सहा उत्तरं चुकली होती.

“आज ग्रह ठीक नहीं,” गुरुजी म्हणाले.

अच्युत पुढे आला.  “गुरुजी,” त्याचा आवाज पुढच्या दोन रांगांपलीकडे गेला नसेल, “गोमुखी बाजूला ठेवून... एकदा वाजवून दाखवाल का?”

 गुरुजी शाल सावरत उठले, “जप का अपमान!” म्हणत आपल्या जीपकडे वळले. बाईंनी वाट अडवली. ओढाताणीत गोमुखी खाली पडली आणि तिच्यातून माळेआधी एक काळं रिमोट घरंगळलं. बाईंनी ते उचलून दाबलं. कवच किंचाळलं. पुन्हा दाबलं, गप्प झालं. मग अच्युतने जुना डबा उघडून सगळ्यांपुढे धरला आणि आतली एकेक वस्तू दाखवली. सारं मिळून आठ-दहा वाक्यं असतील. शेवटी त्याने खिशातून मूळ तक्ता काढला. “ही सही माझी आहे. चाचणी चुकीची होती. ज्याची परीक्षा घ्यायची, त्यालाच उत्तरं ठाऊक होती. मी सही मागे घेतो.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फसलेल्या माणसाला फसवणाऱ्यापेक्षा दाखवून देणाऱ्याचाच राग अधिक येतो. गर्दी पांगताना एक जण म्हणालाच, “गुरुजी ढोंगी असतील हो, पण कवचात काहीतरी असेल.” त्या गडबडीत जीप निघून गेली. पोलिसांत तक्रार द्यायला बाई आणि अच्युत दोघंच गेले. पंधरवड्याने कळलं, गुरुजी मंडीदीपच्या कारखान्यांकडे आहेत आणि तिथल्या कामगारांना त्याच सहीच्या तक्त्याच्या झेरॉक्स वाटताहेत. अच्युतने तिथल्या कामगार संघटनेला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. त्याने दुसरं लिहिलं.

दरम्यान मारुतीच्या बॉनेटखाली त्याने बटण बसवलं, स्वतःची बॅटरी असलेला भोंगा बसवला. काशिनाथराव शेजारी उभे राहून पाना देत होते. ते म्हणाले, “यानं चोरी थांबेल?”

“नाही, बाबा. बॉनेट उघडलं एवढंच कळेल. मग कुणीतरी उठून बाहेर यायला हवं.”

“हं.” त्यांनी बॉनेटवर हात टेकला. “तुझ्या आईची मूत्रपिंडं दोन वर्षं जात होती रे. कुठं काही वाजलं नाही. डॉक्टरनं सांगितलं तेव्हा उरलं काय होतं? मला वाटलं, एखादी तरी गोष्ट असावी, जिला आधी कळतं...”

अच्युतने शेवटचा स्क्रू आवळला. सगळं आधी कळणारी गोष्ट कुणाजवळच नसते, आणि नेमक्या त्याच रिकाम्या जागी कुणीतरी तांब्याचा डबा आणून ठेवतो.

म्हणून वाचणाऱ्याला एवढंच सांगणं. भीती वाटण्यात लाज नाही; भीतीपोटी परीक्षा सोडून देण्यात घात आहे. कुणी अद्भुत दाखवलं तर आधी पाहावं, दाखवणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक नाही ना. त्याचा झाकलेला हात उघडायला सांगावं. झाकण उघडलं तर डोळे जातील, असं जिथे सांगतात, तिथलं झाकण आधी उघडावं. आणि सही करण्यापूर्वी मनात काही खुपलं, तर आवाज कापत असला तरी तेव्हाच बोलावं. नंतर सही आपल्या पत्रांपेक्षा पुष्कळ भरभर चालते.

भोंगा बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सुमित्राबाई मागच्या सीटवर उशी टेकवून बसल्या. काशिनाथरावांनी किल्ली फिरवण्याआधी, बॉनेट उघडून बॅटरी आहे की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घेतलं.