दारातल्या चपला

बेटावर जायचं ठरलं तेव्हा आईने एकच अट घातली. "तुझं ते तपासणं घरी ठेवून यायचं. मी काही लिफ्ट नाही."

मी लिफ्टची तपासणी करते. बावीस वर्षं झाली. दोर, ब्रेक, दाराची फट, सगळ्याकडे संशयाने बघणं हेच माझं काम, आणि ही खोड घरीही सुटत नाही. आई अडुसष्ट वर्षांची, पोहता येत नाही, गुडघे कुरकुरतात. तिला शिंक आली तरी मी औषधाचा डबा घेऊन हजर. ती वैतागते. या खेपेला मात्र मी शब्द दिला होता.

पहिले तीन दिवस तो पाळणं सोपं गेलं. बेटावर कुणालाच कसली घाई नव्हती. आमच्या सात खोल्यांच्या लॉजच्या मालकीणबाईंना नाश्त्याची वेळ विचारली, तर त्या नुसत्या हसल्या. दोन झाडांना जाळीचा झोपाळा टांगलेला होता, तो मी बळकावला.

नावाडी रोज सकाळी ओहोटीला पाहुण्यांना समोरच्या वाळूच्या दांड्यावर न्यायचा आणि भरतीआधी परत आणायचा. दुपारी तो दांडा अख्खा पाण्याखाली जायचा. धक्का निसरडा, म्हणून चपला तिथल्या टोपलीत काढायच्या. परतल्यावर टोपली रिकामी झाली की माणसं पूर्ण. "माणसं मोजायला गेलं की हलतात," नावाडी म्हणाला होता. "चपला गप राहतात." मला ही पद्धत बिलकूल पटली नाही. मी तोंड उघडलं, आईने डोळे वटारले, मी तोंड मिटलं.

चौथ्या दिवशी आई एकटीच गेली. "तू लोळ," म्हणाली. मी लोळले.

अकराच्या सुमाराला होडी परतलेली दिसली. पाहुणे ओल्या कपड्यांनी हसत खिदळत खोल्यांकडे पांगले. मी झोपाळ्यातूनच मान वळवून आमच्या दाराकडे पाहिलं. आईच्या चपला दारात होत्या, नेहमीसारख्या भिंतीला टेकून. म्हणजे आली, दमून आडवी झाली असेल. खरं सांगते, मला बरं वाटलं. ती उठून हाक मारेपर्यंतचा वेळ माझा होता. मी डोळे मिटले.

जाग आली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. दार ढकललं. पलंगावरची चादर सकाळी घातली तशीच, एक सुरकुती नाही. मोरी कोरडी, टॉवेल कोरडा. "आई?" म्हटलं, तेही हळूच, कुणी ऐकू नये अशा बेताने. मग चपलांकडे पुन्हा पाहिलं आणि सकाळचं आठवलं. वाळूत तर चालायचंय म्हणून ती अनवाणीच गेली होती.

मी धक्क्यावर धावले. नावाडी सावलीत पाय पसरून बसला होता.

"आई कुठाय?"

"आले की सगळे. टोपली रिकामी झाली."

"ती अनवाणी आली होती!"

त्याने आधी टोपलीकडे पाहिलं, मग समुद्राकडे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला, आणि त्या चेहऱ्याने माझा उरलासुरला धीर गेला. समोर दांडा नव्हताच. सपाट, हिरवं, सुंदर पाणी होतं.

इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू झालं.

"किती पाणी असेल तिथे?"

"कमरेएवढं."

"खोटं बोलू नका."

"छातीपर्यंत."

"कुणाच्या छातीपर्यंत?"

त्याने होडीचा वेग वाढवला. आई माझ्या खांद्याला लागते. मी मनात इंच मोजत राहिले, आणि प्रत्येक वेळी हिशेब तिच्या हनुवटीशी येऊन थांबत होता. लाटेवर काहीतरी काळं दिसलं की माझ्या तोंडून आवाज निघायचा. एकदा नारळ होता, एकदा काहीच नव्हतं.

दांड्याच्या टोकाला खुणेचा बांबू रोवलेला होता. नावाड्याने बोट दाखवलं तेव्हा मला आधी फक्त बांबू दिसला. मग पांढरे केस दिसले.

आई बांबूला दोन्ही हातांनी मिठी मारून, टाचा उंचावून उभी होती. पाणी गळ्याशी आलं होतं. आम्ही तिला ओढून घेतलं, पण बोटं बांबू सोडेनात. नावाड्याने ती एकेक करून सोडवली. तो रडत होता. मला तर रडूही येत नव्हतं.

मी तिला छातीशी धरलं. तिचे दात वाजत होते.

"शिंपले वेचत पार टोकाला गेले गं. वळून बघते तर होडी निघालेली. हाका मारल्या, पण इंजिनापुढे कुणाला ऐकू जाणार?" तिने धाप टाकली. "पण मी घाबरले नाही. म्हटलं, होडी किनाऱ्याला लागली की पाचव्या मिनिटाला माझी पोरगी शोधायला लागेल. अंतरच लांब, म्हणून वेळ लागला ना?"

नावाड्याने माझ्याकडे पाहिलं. मी धावत आले तेव्हा किती वाजले होते, ते त्याला ठाऊक होतं.

"हो," मी म्हणाले. "लगेच निघालो."

"तेच म्हणत होते मी," आई म्हणाली आणि तिने माझा हात घट्ट धरला.